उजव्या वर्तुळाबद्दल

रेनाटा-सेन्सेई,

तुमच्या गावच्या वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल चार ओळी आल्या आहेत. तुमच्या भाचीनं कात्रण पाठवलं आणि तुमच्या नवऱ्यानं, इशिकावा-सानांनी, मला ते इंग्रजीत सांगितलं. त्यात तुमचं जन्मगाव आहे, तुम्ही एका जपानी माणसाशी लग्न करून टोकियोला गेलात हे आहे, आणि फिगर स्केटिंगच्या युरोपियन स्पर्धेत तुम्ही नवव्या आलात हे आहे. बस. त्याच दिवशी सकाळी तुम्ही पहिल्या होतात, हे कुठेच नाही.

मला इतका राग आला की माझं मलाच नवल वाटलं. राग आला की मी भांडी घासते. त्या संध्याकाळी निखिल ऑफिसमधून आला, स्वयंपाकघरात डोकावला आणि म्हणाला, "ही सगळी स्वच्छ होती ना गं?"

"नववी म्हणे," मी म्हटलं.

नवऱ्याला काही कळलं नाही. पण तो फडकं घेऊन माझ्या शेजारी येऊन पुसायला लागला. तुम्ही त्याला एकदाच भेटलात आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "हा चालेल. गुडघे वाकवतो." बर्फावर असो की जमिनीवर, माणसाबद्दल तुमचं एवढंच म्हणणं असायचं. जो गुडघे वाकवत नाही तो कधीतरी आपटणार.

तुमच्याकडे मी आले ती बूट द्यायला. टोकियोत येऊन मला वर्षही झालं नव्हतं. निशी-कसाईत तेव्हा सारखी नवी कुटुंबं येत होती, पुण्या-मुंबईची, हैदराबादची, कुठल्या ना कुठल्या बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी. नवरे सकाळी तोझाई लाइनच्या गाडीनं निघून जायचे आणि आम्ही बायका मुलांच्या बागेत जमायचो. सगळ्या चांगल्या होत्या. कुठल्या दुकानात तूरडाळ मिळते, कुठल्या वारी कुठला कचरा ठेवायचा, सगळं आपणहून सांगायच्या. पण मला बोलायला काही सुचायचं नाही. मी हसायचे आणि घड्याळ बघायचे. म्हणून वॉर्डच्या मोफत जपानी वर्गातल्या बाईंनी जेव्हा सांगितलं की नदीपलीकडच्या एका स्केटिंग रिंकवर इंग्रजी येणारी मुलगी हवी आहे, अर्धवेळ, ज्याला इथे अरुबाइतो म्हणतात, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. इंटरनॅशनल स्कूलची मुलं येतील, त्यांना पायाचं माप विचारायचं आणि बूट द्यायचे. मला वाटलं, माप विचारण्याइतकं तर मी बोलू शकेन.

एका जपानी मुलीनं नुकतंच सुवर्णपदक जिंकलं होतं. शहरातल्या प्रत्येक आईला आपली मुलगी बर्फावर उड्या मारताना बघायची होती. तुमच्या वर्गात नावं घालायला आयांची रांग लागायची आणि तुम्ही प्रत्येकीला एकच सांगायचात, तुमच्या त्या ठोकळेबाज जपानीत : "आधी कड. मग उडी." स्केटिंगच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. उभं राहायचं ते एकीवर. दोन्हींवर एकदम उभं राहणं तुमच्या लेखी पाप होतं. निम्म्या आया दुसऱ्या सेन्सेईंकडे जायच्या. तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं तुम्ही दाखवत नव्हतात.

रिंक लोकांसाठी उघडायच्या आधी, बर्फावरून यंत्र फिरवून तो काचेसारखा झाला की त्याचा एक कोपरा तुमचा असायचा. मॅनेजर हा उपकार म्हणून देत नव्हते, ते तुम्हाला घाबरत होते. मी काउंटरमागे ओले बूट पुसत असायचे आणि समोर तुम्ही, राखाडी स्वेटर, केस बांधलेले, संगीत नाही, काही नाही, आठचा आकडा काढत असायचात. एक वर्तुळ उजव्या पायावर, दुसरं डाव्यावर, दोन्ही मधल्या एका बिंदूपाशी चिकटलेली. प्रत्येक वर्तुळ तीनदा, त्याच रेघेवरून. मग तुम्ही थांबायचात, मागे वळायचात आणि वाकून रेघेकडे बघत बसायचात. मला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

एके सकाळी तुम्ही बोट वळवून मला बोलावलंत. "तू. बूटवाली. ये इकडे."

मी रबरी सपाता घालून, कठड्याला धरत धरत आले.

"काय दिसतं?"

"ब्यूटिफुल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ब्यूटिफुल संध्याकाळी. आता सकाळ आहे. चूक कुठे आहे?"

तुम्ही जाऊ देईनात. मला पळून जावंसं वाटत होतं, पण बर्फावर पळता येत नव्हतं. मग नाइलाजानं मी खरंच बघायला लागले आणि मला दिसलं की मधल्या बिंदूच्या जरा पुढे एक रेघ बाकी दोघींपासून सुटली आहे. केसभर. मी नुसतं बोट दाखवलं.

तुम्ही चष्मा लावून वाकलात. सरळ झालात. आणि पहिल्यांदा हसलात, तोंडाच्या एका कोपऱ्यानं. "उद्यापासून लवकर ये," म्हणालात. "तू बोलत नाहीस, पण बघतेस. इथे सगळे उलट आहेत."

सकाळ आणि संध्याकाळ म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं. तुमच्या काळात स्पर्धेचे दोन भाग असत. सकाळी रिकाम्या सभागृहात, कोऱ्या बर्फावर ही वर्तुळं काढायची. खेळाडू बाजूला झाली की परीक्षक जाड कोट घालून बर्फावर उतरायचे आणि वाकून, काही जण चक्क गुडघ्यांवर बसून, मागे राहिलेली रेघ तपासायचे. तुम्ही दिसता कशा, हसता कशा, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नाच, संगीत, झगमगीत कपडे, उड्या हे सगळं नंतर. लोक तेव्हा यायचे आणि टीव्हीचे कॅमेरेही तेव्हाच.

सकाळी तुमच्याइतकं कोणी नव्हतं. संध्याकाळी तुम्ही पडायचात. "दरवेळी नाही," तुम्ही चिडून सांगायचात, "पण कॅमेरा असला की हमखास." युरोपियन स्पर्धेच्या त्या दिवशी तुम्ही सकाळी पहिल्या आलात, धावत जाऊन गावी फोन केलात. वडिलांचं खाटकाचं दुकान होतं. फोन दुकानातच होता.

"मी पहिली आहे, पापा."

"संध्याकाळी बघू," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

संध्याकाळी अख्ख्या गावानं बघितलं. "माझ्या वडिलांनी मला पडताना कितीतरी वेळा पाहिलं," तुम्ही एकदा लेस बांधता बांधता म्हणालात. "पहिली आलेली एकदाही नाही. वर्तुळं टीव्हीवर दाखवतच नाहीत ना." आवाजात काही नव्हतं, नुसती माहिती दिल्यासारखा. मग पुढे त्या वर्तुळांचे गुण कमी करत गेले आणि एके दिवशी ती स्पर्धेतून काढूनच टाकली. टीव्हीवर कंटाळवाणी दिसतात म्हणून. तुम्ही तोवर निवृत्त झाला होतात, पण मला वाटतं तुमची खरी निवृत्ती त्या दिवशी झाली. त्यानंतर तुम्ही ती फक्त स्वतःसाठी काढत राहिलात, आधी हॅम्बुर्गला, मग लग्नानंतर इथे. बघायला कोणी नव्हतं. इशिकावा-सान बघायचे, पण ते तुमच्या प्रेमात होते, त्यामुळे परीक्षक म्हणून बाद.

तुम्ही मला नियम घालून दिला होता. "चूक असेल तिथे सांग. बरोबर असेल तिथे बोलू नकोस. तिथे बोलण्यासारखं काही नसतं."

मला तो नियम अजिबात परका वाटला नाही. माझ्या इंग्रजी शाळेत वहीत रोज चांदण्या चिकटवायचे. गुड, व्हेरी गुड, एक्सलंट. नीट समास आखला तरी एक्सलंट. मी ते कधी खरं मानलं नाही. घरी उलट. आई तोंडावर कधी चांगलं म्हणाली नाही, नजर लागते म्हणून. मी वर्गात पहिली आले की ती मला "हात धू आणि जेवायला बस" एवढंच म्हणायची, आणि मग मी आत गेले की मला ऐकू यायचं, कामाच्या मावशींना सांगताना, आवाज खाली आणून, "अहो, आमची मधुरा पहिली आलीय." आजवर माझं जे काही कौतुक झालं ते मी दाराआडून ऐकलंय. मला वाटायचं, जगात खरं कौतुक असंच असतं. ज्याचं त्याला ते दाराआडून कळतंच.

त्यामुळे आपलं छान जमलं. मी वाकायचे, फिरायचे, बोट ठेवायचे. "इथे सपाट, दोन्ही कडा लागल्यात." "इथे वर्तुळ लांबट झालंय." तुम्ही हो म्हणायचात, किंवा भांडायचात. "सपाट नाही, तुझे डोळे सपाट!" मग पुन्हा चष्मा लावून वाकायचात आणि कुरकुरत "ठीक आहे" म्हणायचात. कितीतरी सकाळी मी काहीच न बोलता काउंटरमागे परत गेले आणि तुम्ही शीळ घालत बूट सोडलेत. त्या शिळेवरून मला वाटायचं, तुम्हाला पोचलं.

दिवाळीत सासूबाईंनी पुण्याहून फराळ पाठवला होता. मी डबा घेऊन आले. तुम्ही करंजी खाल्लीत, लाडू खाल्लात, आणि चकली हातात घेऊन दिव्याखाली धरलीत. उलटी केलीत, पालटी केलीत.

"हे कोणी केलं?"

"सासूबाईंनी."

"केंद्र सरकलंय," तुम्ही गंभीरपणे म्हणालात. "आणि दुसऱ्या फेरीत घाई झालीय, बघ, इथे."

मी इतकी हसले की मॅनेजर बाहेर आले. तुम्ही चकली खाल्लीत, आणखी दोन घेतल्यात आणि म्हणालात, "सासूबाईंना कळवू नकोस. चवीला पूर्ण गुण." ही तुमच्या तोंडून मी ऐकलेली एकमेव उघड प्रशंसा. तीही चकलीची.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. मी जपानी भाषेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचं पुढे ढकलत होते. पास झाले तर निखिलच्या ओळखीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळण्यासारखं होतं. तुम्ही विचारलंत, "तुला हवंय का ते काम?"

"बघू," मी म्हटलं.

तुम्ही एकदम भडकलात. तेव्हा मला वाटलं, एवढं काय त्यात. आता वाटतं, 'बघू' हा शब्द तुम्ही आधी फोनवर ऐकला होता. "तू लाजाळू आहेस असं सगळ्यांना वाटतं," तुम्ही म्हणालात. "मला नाही वाटत. तू कंजूष आहेस. सगळं आत राखून ठेवतेस."

मला लागलं. मी म्हटलं, "आमच्याकडे याला वळण म्हणतात."

"आमच्याकडेही म्हणतात. माझ्या वडिलांकडे पोत्यानं होतं."

"मग बरोबर असेल तिथे बोलू नकोस, असं मला तुम्हीच का शिकवलंत?"

"तो बर्फाचा नियम आहे. मी माणसांचं बोलतेय."

"पण बर्फावर माणूसच असतं ना?"

मी तुम्हाला उलट बोलले असं ते एकदाच. तुम्ही तोंड उघडलंत आणि तेवढ्यात यंत्र सुरू झालं, ते बर्फावरून घरघरत आपल्याकडे यायला लागलं आणि आपल्याला बाजूला व्हावं लागलं. तुम्ही काय म्हणणार होतात ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. तेही तुम्हाला सांगितलं नाही. निकाल लागल्यावर सांगू म्हटलं.

आता त्या सकाळकडे यायलाच हवं.

उन्हाळा संपत आला होता. बाहेर सिकाडा किडे ओरडून ओरडून थकले होते आणि आत नेहमीसारखं गारठलेलं. काही आठवडे मला तुमच्या डाव्या वर्तुळात काहीतरी दिसत होतं, पण नक्की सांगता येईना. ती चूक नव्हती, म्हणजे तुमच्या जातीची चूक नव्हती. तुम्ही घाई करायचात, कधी खांदा आधी वळवायचात, त्या चुका मला ओळखीच्या होत्या. हे वेगळं होतं. त्या दिवशी ते स्पष्ट दिसलं. डाव्या वर्तुळाच्या पार टोकाला, जिथून मध्याकडे परतायचं असतं, तिथे रेघ थरथरली होती. तीनही फेऱ्यांत, त्याच जागी. कंप पावलेल्या हातानं काढल्यासारखी.

तुम्ही कठड्याला टेकून उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, छताकडे बघत होतात. तुमची मान अशी ताठ मी पूर्वी पाहिली नव्हती. मला वाटतं तुम्हाला माहीत होतं. मला वाटतं तुम्हाला फक्त दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं.

"डावीकडे," मी म्हटलं. "टोकाला. रेघ थरथरतेय. तीनदा."

तुम्ही आलात. गुडघ्यांवर बसलात, त्या जुन्या परीक्षकांसारख्या. खूप वेळ बसलात. मग बर्फावर तळहात ठेवलात, त्या जागेवर, आणि म्हणालात, "हो."

मी थांबले. तुम्हीही थांबलात. तुम्ही माझ्याकडे वर बघितलंत, आणि मला वाटलं तुम्हाला उठायला हात हवा आहे. मी हात दिला. तुम्ही उठलात. थोड्या वेळानं यंत्र आलं आणि दोन्ही वर्तुळं पुसली गेली.

त्यानंतर तुम्ही बर्फावर आला नाहीत. महिन्याभरात कळलं की डोक्यात गाठ आहे, आणि अशा जागी आहे की काढता येणार नाही. डॉक्टरांनी म्हणे विचारलं, तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं? तुम्ही सांगितलंत, "माझ्या परीक्षकाच्या लक्षात आलं." हे मला इशिकावा-सानांनी सांगितलं. माझ्या परीक्षकाच्या. मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

मी सांगायला नको होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. नाही, सांगायलाच हवं होतं. तुम्ही दुसरं काही ऐकून घेतलंच नसतंत. त्याचा सल मला नाही. म्हणजे आहे, पण तो सहन होण्यासारखा आहे.

हॉस्पिटलमध्ये मी आले तेव्हा पाइनच्या झाडांवरून ऊन आत येत होतं आणि तुमच्या डोक्याला लोकरीची टोपी होती, विद्यार्थिनींनी विणलेली, जरा सैल. तुम्ही टोपीकडे बोट दाखवून म्हणालात, "वर्तुळ वाईट. पण गरम." मी शिरा आणला होता. तुम्ही दोन चमचे खाल्लेत. आपण हवेबद्दल बोललो, शिऱ्यातल्या वेलचीबद्दल बोललो, मॅनेजरनं तुमचा कोपरा अजून कुणाला दिला नाही हे मी सांगितलं. मग तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुमचा एक डोळा तेव्हा नीट उघडत नव्हता. मला वाटलं, थकल्या आहेत. मी पर्स उचलली.

"अजून काही?" तुम्ही विचारलंत.

"नाही, सेन्सेई. तुम्ही आराम करा."

तुम्ही मान हलवलीत. मी निघाले. लिफ्टमध्ये मला आठवलं की परीक्षा पास झाल्याचं सांगायचं राहिलं. म्हटलं, पुढच्या वेळी.

ती पुढची वेळ म्हणजे तुमच्या घरची समोरची खोली, पांढरी शेवंती आणि तुमचा फोटो. तुम्ही चर्चला जात नव्हतात, म्हणून इशिकावा-सानांनी त्यांच्या घरच्या पद्धतीनं विधी केले. सगळ्या विद्यार्थिनी आल्या होत्या. इथे माणसं फोटोसमोर गुडघे टेकून बसतात, उदबत्ती लावतात, आणि गेलेल्याशी बोलतात, खरंच बोलतात, शेजारी बसल्यासारखं. एक गोल चेहऱ्याची मुलगी सांगत होती, "सेन्सेई, काल मी कड धरली. आईनं व्हिडिओ काढलाय." कुणालाही त्यात विचित्र वाटत नव्हतं. माझी पाळी आली. मी हात जोडले, डोळे मिटले आणि उठले.

इशिकावा-सान मला बाहेरच्या पडवीत घेऊन गेले. हातात चहाचा पेला दिला. मग म्हणाले, "मधुरा-सान, एक विचारू? रेनाटा मला शेवटी शेवटी सारखी विचारायची. मला उत्तर येत नव्हतं."

"काय विचारायच्या?"

"त्या दिवशी तुम्ही डाव्या वर्तुळाबद्दल सांगितलंत. उजव्याबद्दल काहीच बोलला नाहीत."

"पण आमचा नियम होता," मी म्हटलं. "बरोबर असेल तिथे बोलायचं नाही. त्यांनीच केलेला."

"मीही तिला तेच म्हटलं. तू काही बोलू देत नाहीस, मग ती मुलगी कशी बोलेल? गप्प राहिली म्हणजे चांगलं असणार." ते पेल्यात बघत होते. "ती म्हणायची, 'किंवा तिला माझी दया आली. डावं बघितलं आणि तिथेच थांबली. उजवं बघितलंच नाही.' बरी असायची तेव्हा हसून म्हणायची. रात्री नाही."

चहा गार झाला होता. मला तुमची छताकडे वळलेली मान दिसत होती, आणि बर्फावर गुडघे टेकून वर बघणारा चेहरा. तुम्हाला हात नको होता. आणि हॉस्पिटलमध्ये ते "अजून काही?" म्हणजे शिरा नव्हता, निरोप नव्हता. बाईमाणूस अशा आजारात पडलेली, तोंडानं मागू शकत नाही, कारण नियम तिचाच. आणि मी पर्स उचलली.

"इशिकावा-सान, मी बघितलं होतं," मी म्हटलं. "उजवं मी पूर्ण बघितलं होतं. ते..."

त्यांनी हात वर केला. थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण स्वर अगदी साधा होता. "मला नका सांगू," ते म्हणाले. "तिला सांगा." आणि खोलीकडे बघितलं.

मी आत गेले, सेन्सेई. पुन्हा बसले. पाठीमागे माणसं होती, कुणीतरी नाक ओढत होतं, कप वाजत होते. मी तोंड उघडलं. इंग्रजीत शब्द आले ते सगळे चांदण्यांचे होते, एक्सलंट, परफेक्ट, ब्यूटिफुल. तुम्ही मला बोट वळवून बाहेर काढलं असतंत. जपानीत मला अजून परीक्षेपुरतंच येतं. मी पुन्हा नुसते हात जोडले. दाराशी इशिकावा-सानांनी खाली वाकून माझा निरोप घेतला. त्यांनी विचारलं नाही, सांगितलंत का म्हणून.

मग कुठल्या भाषेत सांगू? ही तुम्हाला येत नव्हती, पण याच भाषेत मला खोटं बोलता येत नाही, आणि याच भाषेत मला कधी कुणी तोंडावर चांगलं म्हटलं नाही, त्यामुळे हिच्यातले ते शब्द अजून वापरून झिजलेले नाहीत. परीक्षा मी पास झाले. काम घेतलं आहे, पुढच्या महिन्यात सुरू होईल. हवं होतं मला ते, तुम्ही विचारलंत तेव्हाच. कंजूष म्हणालात ते खरं होतं. वळण आणि कंजुषी यांत फरक कुठे पडतो, त्याचं उत्तर तुम्ही त्या दिवशी देणार होतात की नाही कोण जाणे. मला ते आता तुमच्याशिवायच शोधावं लागेल.

पण हे राहायला नको.

त्या सकाळी मी आधी उजवं वर्तुळ बघितलं. डाव्याच्या आधी. मध्यापासून निघाले आणि पूर्ण फेरी मारून मध्यापाशी आले, मग उलट्या बाजूनं पुन्हा. तीन फेऱ्या होत्या आणि रेघ एकच दिसत होती. मी वाकले, चेहरा बर्फाजवळ नेला, श्वासाची वाफ रेघेवर यायला लागली म्हणून तोंडावर हात धरला. सुरुवातीचा रेटा दिला तिथे खरवडल्याची खूण नव्हती. टोकाला, जिथे डावीकडे नंतर मला ती थरथर दिसणार होती, तिथे उजवीकडे ती रेघ इतकी शांतपणे वळली होती की कुठे वळली ते दाखवता येत नव्हतं. त्याच शरीरानं, त्याच डोक्यानं, त्याच सकाळी काढलेली. त्या वर्तुळाला मी एकटी साक्षी आहे. ते तुमचं सगळ्यात चांगलं वर्तुळ होतं, सेन्सेई. मी दया केली नाही. चूक मी शोधली, नेहमीपेक्षा जास्त वेळ शोधली.

सापडली नाही.